लाईफबार पुसा, मग कॅमेरा लावा

गेम पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून 'मुस्तफा' खेळलेली आमची पिढी. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आहे हे लातुरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. पुढे कॅफेत 'टेकन ३' हा मारामारीचा गेम आला. नुसती बटणं बडवली तरी त्यातल्या एडी नावाच्या पात्राचे पाय गरागरा फिरतात हे कळल्यावर चांगल्या चांगल्या दोस्त्या तुटायची वेळ आली. आता त्याच पोरांपैकी कुणाकडे बरा कॅमेरा आहे, कुणी संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र केलंय, कुणी कराटेचे क्लास घेतंय. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी विचारणा होते : "दादा, टेकनसारखी फिल्म करायचीय, सुरुवात कुठून करू?"

मी अशा दोन शॉर्टफिल्म केल्यात. पहिली शोधायला जाऊ नका. तिच्यात मी एडिटिंगच्या वेळी दोघांच्या डोक्यावर खरोखरच गेमसारख्या हिरव्या पट्ट्या, म्हणजे लाईफबार, लावल्या होत्या, मार बसला की पट्टी लाल होत जायची. आम्हाला ते फार भारी वाटलं होतं. बघणाऱ्यांनी मारामारी बघितलीच नाही, सगळे पट्ट्या बघत बसले.

ती का फसली हे मला मालेगावच्या यात्रेत कळलं. नांदेड जिल्ह्यातलं, लोहा तालुक्यातलं खंडोबाचं मालेगाव. फडाच्या कडेला बसलो होतो. दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे, हलगी कडकडत होती, अजून काहीच घडलं नव्हतं. शेजारचे आजोबा तंबाखू मळता मळता म्हणाले, "ह्यो लाल लंगोटाचा गेला बग."

"कशावरून हो आजोबा?"

"मान बग की त्याची. खाली यायलीय. आता हात टेकतंय बग."

थोड्या वेळात तो चितपट झाला. तिथे कुणाच्या डोक्यावर पट्टी नव्हती, घड्याळ नव्हतं, 'राऊंड वन' म्हणणारा आवाज नव्हता. तरी अख्ख्या फडाला कोण जिंकतंय ते कळत होतं. गेम जे जे पडद्यावर लिहून दाखवतो ते सिनेमात माणसाच्या अंगावर, जागेत किंवा गोष्टीत उतरवावं लागतं. गेमवरून सिनेमा करायचा म्हणजे मुख्यतः एवढंच काम. खाली त्याच्या पायऱ्या आहेत, मी चुकत चुकत गेलो त्या क्रमाने नव्हे, जायला हवं होतं त्या क्रमाने.

आधी नाव बदला

हे कंटाळवाणं आहे, पण पहिलंच. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ कृतीवरून सिनेमा करायचा हक्क तिच्या मालकाचा असतो. "आम्ही पैसे कमावणार नाही" म्हटल्याने परवानगी मिळत नाही. प्रसिद्ध गेमची नावं, पात्रं, लोगो, संगीत घेतलंत तर यूट्यूबवरून फिल्म उतरू शकते आणि फेस्टिव्हलवाले कागद मागतात तेव्हा तोंड लपवावं लागतं.

मालकी कल्पनेवर नसते. वेगवेगळ्या पद्धतीने लढणारे आठ जण एका स्पर्धेला येतात, ही चौकट कुणाच्या बापाची नाही. ती घ्या, माणसं तुमची घाला. चाहत्यांनी दार ठोठावून आत प्रवेश मिळवल्याचं उदाहरणही आहे. 'स्ट्रीट फायटर' या गेमच्या काही वेड्या चाहत्यांनी २०१० मध्ये तीनेक मिनिटांची शॉर्टफिल्म केली, ती लोकांनी उचलून धरली आणि पुढे गेमच्या मालक कॅपकॉम कंपनीच्या परवानगीने २०१४ मध्ये पूर्ण वेबसिरीज झाली. पण त्यातला मुख्य माणूस मुळात कसलेला मार्शल आर्टिस्ट आणि स्टंटवाला होता, हेही लक्षात ठेवा.

गेम खेळा, पण वही घेऊन

जिंकायला खेळू नका. एक पात्र निवडा आणि चार गोष्टी लिहा : उभं कसं राहतं, किती अंतरावरून मारतं, मारून झाल्यावर सावरायला किती वेळ घेतं, आणि कशाला घाबरतं.

सावरायचा वेळ ही फायटिंग गेमची सगळ्यात मोठी शिकवण आहे. असे गेम साधारणपणे सेकंदाला ६० फ्रेमने चालतात आणि प्रत्येक फटक्याचे तीन भाग असतात : हात निघतो तो, हात लागू शकतो तो, आणि हात परत येतो तो. जोरदार फटका निघायला वेळ लावतो आणि चुकला तर मारणारा तेवढा वेळ उघडा पडतो. चांगला खेळाडू त्या उघड्या क्षणाची वाट बघतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. त्यात नवखी मंडळी सगळ्यात आधी काय कापतात? तर हाच परत येणारा भाग. मग सगळे फटके सारखेच हलके दिसतात. मारणाऱ्याचा तोल जाऊ द्या, त्याला अर्धं पाऊल जास्त टाकू द्या. प्रेक्षकाला "आता याला लागणार" हे समोरच्याच्या आधी कळलं पाहिजे.

लिहिण्यासाठी टेकनवाल्यांची आकड्यांची पद्धत घ्या. त्या गेममध्ये चार बटणं म्हणजे चार अवयव : १ डावा हात, २ उजवा हात, ३ डावा पाय, ४ उजवा पाय. "१-२, खाली बस, ४" एवढं लिहिलं की कराटेवाल्यालाही कळतं आणि पैलवानालाही. आमच्या वहीत पैलवानासाठी फक्त दोन खुणा वाढवाव्या लागल्या, 'प' म्हणजे पट काढणे आणि 'ढ' म्हणजे ढाक, दोन्ही कुस्तीतले डाव.

माणसं कमी करा

इथे दोन जुन्या सिनेमांची तुलना करण्यासारखी आहे. १९९४ च्या 'स्ट्रीट फायटर'ने गेममधलं जवळजवळ प्रत्येक पात्र कोंबलं. ज्याच्यासाठी पोरं थिएटरात गेली तो र्‍यू बाजूला पडला, त्याला आणि केनला चक्क भामटे केलं, आणि नायक झाला फौजी गाइल. राऊल जुलिया या आजारी नटाने रंगवलेला खलनायक तेवढा आजही लोकांच्या लक्षात आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या 'मॉर्टल कॉम्बॅट'ने तिघांना धरलं, बोटीत बसवलं, बेटावर नेलं, तिथे स्पर्धा. गोष्ट एवढीच, पण मारामारी का चाललीय हे प्रत्येक क्षणी कळतं. शिवाय त्यातला नायक रॉबिन शो स्वतः लढवय्या होता.

शॉर्टफिल्मला तीन लढवय्ये पुरे. चौथा डोक्यात आला तर त्याला निकाल देणारा पंच करा.

तिघांची लढायची पद्धत मात्र पूर्ण वेगळी हवी, आणि याबाबतीत मराठवाडा श्रीमंत आहे. ज्या जिल्ह्याने रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार दिले त्या लातूरच्या गावागावांत तालमी आहेत. नांदेडला हुजूर साहिबच्या परिसरात गतका, म्हणजे काठीचा खेळ, खेळणारे शीख तरुण भेटतात. तालुक्याच्या प्रत्येक गावात कराटे-तायक्वांदोचा एक तरी क्लास असतोच. काठीवाला अंतर राखून खेळतो, कराटेवाला मधल्या अंतरावर, आणि पैलवानाला अंगाला अंग भिडल्याशिवाय काही करता येत नाही. 'स्ट्रीट फायटर' गेममध्ये झांगीफ नावाचा रशियन पैलवान आहे, त्याला जवळ येऊ दिलं की संपलं. त्याच्याशी खेळणाऱ्याचा सगळा जीव त्याला लांब ठेवण्यात जातो. पैलवान जवळ येतोय की नाही, एवढ्यावर तुमचा अख्खा सीन उभा राहतो. फडात याला खडाखडी म्हणतात.

(भारतीय म्हणून त्या गेमने आपल्याला काय दिलं, तर गळ्यात कवट्यांची माळ घातलेला, हातपाय रबरासारखे लांबवणारा योगी, धालसिम. तुम्ही निदान त्यापेक्षा बरं काहीतरी द्या.)

कशासाठी लढतायत?

गेममध्ये हे विचारायची गरज नसते, कारण लढणारे आपण असतो. नाणं आपलं गेलेलं असतं. सिनेमात प्रेक्षकाचं नाणं पणाला नसतं, ते तुम्हाला लावावं लागतं.

स्पर्धेची चौकट हवी असेल तर दूरचं बेट शोधायची गरज नाही, जत्रेचा फड घ्या. सकाळी लेकरांच्या नारळाच्या कुस्त्या, मग रेवडीच्या, मग शंभर-पाचशेच्या, आणि दिवस कलायला लागला की मानाची शेवटची. गेममधल्या पायऱ्याच या. प्रत्येक लढतीनंतर काहीतरी बदललं पाहिजे : कुणी कुणाचं देणं फेडलं, कुणाचा हात मोडला, कुणाला कळलं की आपला वस्ताद समोरच्याला आतून सामील आहे. जी मारामारी काढून टाकली तरी पुढचा सीन जसाच्या तसा चालतो, ती काढाच. आमच्या पहिल्या फिल्ममधल्या पाचपैकी चार अशा होत्या.

जखमांची वही

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. गेममध्ये नवा राऊंड सुरू झाला की पट्टी पुन्हा भरते. आपल्याकडे भरायची नाही.

एक वेगळी वही करा. प्रत्येक मारामारीला एक पान. पानावर माणसाची साधी आकृती काढा आणि कुठे काय लागलं ते लाल पेनने मांडा. पुढच्या पानावर आधीच्या सगळ्या खुणा उतरवून घ्या आणि मग नवीन घाला. शूटिंग कधीच क्रमाने होत नाही. शेवटची मारामारी पहिल्या दिवशी होते, कारण ज्याच्या वावरात ती करायची त्याला सोमवारपासून पेरणी असते. तेव्हा या वहीशिवाय भुवईवरची जखम डावीकडून उजवीकडे जाते आणि लंगडणारा माणूस पळायला लागतो.

जखम म्हणजे फक्त रक्त असं समजू नका. रक्त स्वस्त आहे आणि लवकर कंटाळवाणं होतं. १९९५ चा मॉर्टल कॉम्बॅट बघा : गेम रक्ताच्या चिळकांड्यांसाठी बदनाम, आणि सिनेमा पोरांनाही बघता यावा म्हणून जवळजवळ कोरडा ठेवलेला, तरी चालला. रक्ताऐवजी या गोष्टी वापरा : श्वास, आधी नाकाने आणि मग तोंडाने. हात, जो आधी हनुवटीपाशी असतो आणि हळूहळू छातीपर्यंत उतरतो. पाय, जो उचलण्याऐवजी घासत यायला लागतो. उठायला लागणारा वेळ. कुस्तीच्या तांबड्या मातीचा एक फायदा असा की ती अंगाला चिकटते. पाठीला माती लागली म्हणजे हा एकदा पडलाय, हे न बोलता कळतं.

एका वस्तादांना मी विचारलं होतं, थकलेला पैलवान ओळखायचा कसा. ते म्हणाले, "त्यो शड्डू जोरात ठोकतो." हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. दुसऱ्या फिल्मच्या शेवटच्या लढतीत आमचा खलनायक तीनदा शड्डू ठोकतो.

मारामारी बांधायची कशी

गेममध्ये वीस फटक्यांचा कॉम्बो लागतो आणि समोरचा हवेत तरंगत राहतो. पडद्यावर हाडामांसाची माणसं आहेत. हाँगकाँगवाल्यांची पद्धत नवख्यांना सगळ्यात सोयीची : मारामारी तुकड्यांत बांधायची, एका तुकड्यात तीन ते सहा हालचाली, आणि प्रत्येक तुकड्यासाठी कॅमेरा कुठे असेल ते आधीच ठरवायचं. पूर्ण मारामारी चार बाजूंनी शूट करून "एडिटिंगला बघू" म्हणू नका. एडिटिंगला काहीच बघता येत नाही, हा अनुभव आहे.

सराव आधी पाव वेगाने. सगळ्यांना हसू येतं, येऊ द्या. मग अर्ध्या, मग पाऊण वेगाने. पूर्ण वेग फक्त कॅमेऱ्यासमोर. सरावातच मोबाईलवर सगळे तुकडे घ्या आणि घरी बसून जोडा. तालमीत, चड्डी-बनियनवर, मागे कुणीतरी दंड मारतंय अशा अवस्थेतली ही कच्ची फिल्म कंटाळवाणी वाटली तर कपडेपट आणि ड्रोन तिला वाचवणार नाहीत.

सुरक्षेचे नियम थोडे आहेत आणि त्यात तडजोड नाही. खरा मार नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. आमच्या एकाने "खरंच मार, चांगलं दिसंल" असा आग्रह धरला, दुसऱ्याने मारलं, आणि उरलेला दिवस आम्ही एक्स-रेच्या रांगेत काढला. वर तो फटका पडद्यावर खोटाच दिसतो, कारण कॅमेरा चुकीच्या बाजूला होता. प्रत्येक हालचालीआधी दोघांची नजरानजर झाली पाहिजे. फेकला जाणारा माणूस स्वतः उडतो, फेकणारा फक्त आधार देतो. "थांब" हा शब्द संवादात कुठेही ठेवू नका, तो फक्त खऱ्या थांबण्यासाठी. खाली गाद्या हव्यात, पिंजाऱ्याकडच्या जुन्या कापसाच्या गाद्या चालतात, वर तळवट टाका. विहिरीचा काठ, गच्चीचा कठडा, चालती मोटारसायकल यांना हात लावू नका. अठराच्या आतलं पोर असेल तर आई-बापाची लेखी परवानगी घ्या.

कॅमेरा

गेमचा कॅमेरा कायम बाजूने बघतो. दोघं डावी-उजवीकडे, आपण मध्ये. हाच कोन सिनेमात सगळ्यात धोक्याचा, कारण मूठ आणि गाल यांच्यातली वीतभर फट इथूनच दिसते. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे न्या. मूठ कॅमेऱ्याच्या रेषेत पुढे-मागे गेली की फट नाहीशी होते, आणि मान योग्य वेळी फिरली की फटका बसतो. बसतो तो मानेमुळे, मुठीमुळे नव्हे.

गेमकडून एक नियम मात्र जसाच्या तसा घ्या : कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे, हे मारामारीभर सांभाळा. बाजू बदलायची असेल तर दोघांना एकमेकांभोवती फिरवून, दिसेल अशी बदला. आणि तो बाजूचा सपाट कोन एकदाच वापरा, लांबून, दोघंही थकलेले असताना. गेम खेळलेला प्रेक्षक ओळखतो आणि गालात हसतो.

वेग वाढवायचा मोह होतोच. जुने लोक २२ फ्रेमने शूट करून २४ ने दाखवायचे, म्हणजे अंदाजे नऊ टक्के वेग जास्त. एडिटिंगमध्ये तेवढंच करा. त्यापुढे गेलात की ते मूकपटासारखं दिसायला लागतं.

खास डाव

हातातून आगीचा गोळा सोडायला गेममध्ये काही पडत नाही. जॉयस्टिकची काडी खाली, काडी पुढे, ठोसा. दिवसभर सोडत बसा. सिनेमात तोच डाव तीनदा आला पाहिजे : एकदा शिकताना, एकदा फसताना, एकदा लागताना.

आणि तो आला कुठून तेही दाखवता आलं तर सोन्याहून पिवळं. २०२१ च्या मॉर्टल कॉम्बॅटची सुरुवात बघा. गेममधला स्कॉर्पियन दोरीला बांधलेलं पातं फेकून समोरच्याला ओढून घेतो. सिनेमा आपल्याला १६१७ च्या जपानात नेतो. तिथे ते पातं त्याच्या बायकोच्या हातातलं, बागकामातलं असतं. घरावर हल्ला होतो तेव्हा तो ते उचलतो आणि दोरी बांधतो. बाकी सिनेमाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, स्पर्धेच्या गेममधून स्पर्धाच गायब आहे, पण ही सुरुवात शाळेत शिकवावी अशी. ते बघितल्यावर मी घरी खुरपं आणि कासरा शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो. शूटिंगला खुरपं रबराचं घ्या.

जागा आणि आवाज

गेममध्ये मागचा पडदाही लढतो. १९९२ च्या मॉर्टल कॉम्बॅटमध्ये एक पूल आहे, शेवटी वरच्या दिशेने ठोसा मारला की समोरचा खालच्या खिळ्यांवर पडतो. जागा निवडताना विचारा, इथे कशावर आपटता येईल, कुठे अडकता येईल, कुठे लपता येईल.

प्रत्येकाच्या डोक्यात देवगिरीची अंधारी येते. भुयारी वाट, काळोख, खरंच त्याच कामासाठी बांधलेली. पण किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. परवानगी, शुल्क आणि अटी हे सगळं आलं, आणि अंधारात मारामारी म्हणजे दिव्यांचा खर्च आणि ठेचा. त्यापेक्षा हंगाम संपलेला गुऱ्हाळाचा चुलाण, बंद जिनिंगचं शेड, आडत बाजारातल्या पोत्यांच्या थप्प्या. मालकाला आदल्या दिवशी भेटा, चहा घ्या, कागदावर सही घ्या. मे महिन्यात सकाळी सहा ते नऊ एवढंच शूटिंग, त्यानंतर ना उजेड कामाचा ना माणसं. आणि मराठवाडा दाखवायचा म्हणून भेगाळलेली जमीन दाखवलीच पाहिजे असं काही नाही. ती बघून बघून लोक दमलेत.

आवाज नंतर घरी करा. ओल्या टॉवेलचा फटका म्हणजे अंगावर बसलेला मार, कडब्याची धाटं किंवा उसाचं कांडं मोडलं की हाड. मारामारीखाली टेक्नो संगीत टाकण्याआधी एकदा नुसती हलगी टाकून बघा, आणि हलगीवाल्याला पडद्याकडे बघत वाजवू द्या. तो तुमच्यापेक्षा चांगलं एडिटिंग करतो.

फिल्म जुळली की आवाज पूर्ण बंद करून चार अनोळखी माणसांना दाखवा आणि प्रत्येक मारामारीच्या मध्येच थांबवून विचारा : कोण जिंकतंय? उत्तर आलं नाही तर तो तुकडा परत शूट करा. मोठ्या लोकांनाही करावं लागतं. १९९५ च्या मॉर्टल कॉम्बॅटमध्ये चाचणीच्या प्रेक्षकांना मारामाऱ्या कमी वाटल्या, म्हणून रेप्टाईल या पात्राबरोबरची लढत नंतर घालण्यात आली.

आम्ही दुसरी फिल्म तालमीतच दाखवली, भिंतीवर चादर लावून. पोरांनी शिट्ट्या मारल्या. वस्ताद शेवटपर्यंत गप्प होते. दिवा लागल्यावर म्हणाले, "समदं चांगलं झालंय. पर दुसऱ्या कुस्तीत त्याच्या डाव्या गुडघ्याला लागलं होतं ना? मग तिसरीत त्याच पायावर जोर दिऊन ढाक कशी मारली त्यानं?"

वही काढली. पानावर डाव्या गुडघ्याला लाल खूण होती. पुढच्या पानावर उतरवून घ्यायची राहिली होती.